उलटे वार

खाट नंबर अकरा. डोमाजी पराते, वय अठ्ठ्याहत्तर,
राहणार तांडापेठ, कोष्टी. माग विकून झाली नऊ वर्षं.
मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन परवा.
रात्रपाळीला मी, खोब्रागडे सिस्टर;
मेडिकलच्या या वॉर्डातला माझा एकोणिसावा मे.

दोन वाजता ते हवेतून सूत वेचत होते.
अंगठा नि तर्जनी, तुटला धागा शोधावा तशी,
मग चादरीच्या काठाला गाठ, मग पुन्हा हवा.
शेजारचा हसला, "बुढा माग लावून राह्यला."
मलाही घटकाभर छान वाटलं, खोटं कशाला बोलू.
साठ वर्षं धोटा फेकलेला हात, विणणारच की.
आमच्या कामात छान वाटलं
की आधी नाडी बघावी.

सून व्हरांड्यात, पिशवी उशाला.
"कुंदाताई, हे असं कधीपासून?"
"इसरतात तं दोन वर्सांपासून, सिस्टर.
नातवाला भाऊ म्हणतात. जेवून उठतात नि ताट मागतात.
पण हे… हे काल संध्याकाळपासून.
तेरवा तं माह्याशी भांडले,
चहात साखर काहून नाई म्हणून!"

दोन वर्षं. काल संध्याकाळ.
मी दोन्ही वेगवेगळ्या ओळींवर लिहिलं.
एक लुगडं धुण्याधुण्याला रंग सोडतंय, ते सोडणारच.
पण त्यालाच आत्ता कुठेतरी ठिणगी लागली आहे,
आणि धूर दिसतो तो जुन्या रंगासारखाच.

"बाबाजी, वार म्हणा. उलटे. रविवारपासून."
"इतवारी."
"मग?"
"मंग शनिवारी. कापसाच्या गाड्या लागल्या.
मंग शुक्रवारी…"
आणि शुक्रवारी तलावाच्या काठावर ते बसून राहिले.
"पाय सोडा पाण्यात, बाई. थंड हाये."
बुधवारी, मंगळवारी, सोमवारी तशाच पुढे उभ्या,
त्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही.
मी हाक मारली. ते कूलरशी भावाची घासाघीस करत होते.

डॉक्टर पोरगा, छत्तीस तासांचा जागा,
म्हणाला, "इंजेक्शन देऊन टाकू. हात बांधा."
"पाच मिनिटं, सर."

काल दुपारी लघवीची नळी काढलेली.
चादर ओली, म्हणून शीटवर लिहिलेलं: लघवी होते.
बेंबीखाली हात ठेवला तर टरबूज.
नळी पुन्हा घातली. नऊशे मिली.
पिशवी भरता भरता त्यांची कपाळाची शीर उतरली.
पोरगा खुर्चीत बसला, मग उठला,
रक्त काढून सोडियमला पाठवलं,
झोपेच्या गोळीवर स्वतःच काट मारली.

"चष्मा?"
"हा काय, पिशवीत. फुटंन म्हणून."
"कानाचं यंत्र?"
"घरी, डब्यात. हारपंन म्हणून."
चार दिवस माणूस धुक्यात पडला होता
आणि आम्ही त्याला लांबून सूचना देत होतो.

कुंदाला आत बसवलं, नियम बाजूला.
दिवसा खिडकी उघडी. रात्री एकच दिवा.
घड्याळ त्यांना दिसेल असं.
दर वेळी सांगायचं: हे मेडिकल, मी कुंदा, आज अमुक वार.
पहिल्या रात्री तिला त्यांनी दोनदा ढकललं.
दुसऱ्या रात्री एकदा.

चौथ्या पहाटे हात चादरीवर निमूट.
मी वार विचारले.
रविवार, शनिवार, शुक्रवार…
गुरुवारशी अडले. "ही पेठ काई मी पाह्यली नाई."
पण पुढे गेले. हळूहळू, सोमवारपर्यंत.
रिकाम्या हातांकडे बघून मला चुकचुकल्यासारखं झालं;
हे कुठे लिहीत नाहीत.

"बरे झाले ना, सिस्टर?"
"काल संध्याकाळचं बरं झालं."
तिने थोडा वेळ घेतला. "आन् दोन वर्सांचं?"
मी विसराळूपणाच्या ओपीडीची चिठ्ठी दिली.
गुरुवारी, सकाळी नऊ.
तिने ती यंत्राच्या डब्याशेजारी खोचली,
मग कँटीनचा चहा कपात ओतला,
साखर आहे का ते आधी स्वतः पिऊन पाहिलं.